आगबोट, तिकीट आणि विमापत्र

भोपाळहून मुंबईचा समुद्र रेल्वेने आठशे किलोमीटरांहून अधिक दूर. आमच्या कोलार रोडच्या वस्तीचा पाण्याशी परिचय तो कोलार धरणातून नळाला येणाऱ्या पाण्याचा, फार तर रविवारी मोठ्या तलावाच्या काठी घेतलेल्या वाऱ्याचा. असे असूनही गेल्या काही वर्षांत येथील मराठी घरांतून जलपर्यटनाची भाषा ऐकू येऊ लागली आहे. पूर्वी निवृत्तीनंतर काशी-रामेश्वर होई, थोडी ऐपत असल्यास बदरीकेदार. आता मुलेच आईवडिलांना क्रूझची चित्रे दाखवितात. यात वावगे काही आहे असे आम्हांस वाटत नाही. जन्मभर हिशेबाने जगलेल्या माणसाने चार दिवस समुद्र पाहावा, त्यासाठी स्वकष्टाचा पैसा खर्च करावा, हे योग्यच आहे. प्रश्न आहे तो आपण नेमके काय विकत घेत आहो, हे त्याला ठाऊक असते काय, एवढाच.

मराठी माणसाला आगबोट नवी नव्हे. कोकणच्या कित्येक पिढ्यांनी मुंबई गाठली ती बोटीनेच. त्या प्रवासातील धोकाही त्यांना पुरता ठाऊक होता. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नसताना, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. बातमी मुंबईस कळली तीदेखील कित्येक तासांनी. कोकणातील वृद्ध मंडळी बोटीत पाय ठेवताना समुद्राला नमस्कार करीत, त्यात भाविकता होती तशी जाणीवही होती.

आजच्या जाहिरातीत ही जाणीव पुसली गेली आहे. तेथे बोट दिसतच नाही. दिसते ते हॉटेल. झुंबरे, तरणतलाव, नाट्यगृह, पंचपक्वान्नांची टेबले. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' ही पर्यटक बोट सुरू झाली, तेव्हा कान्होजी आंग्र्यांची आठवण देणाऱ्या त्या नावाचे आम्हांस कौतुक वाटले होते. ती सेवा पुढे बंद पडली. २०२१ साली कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' ही मोठी बोट मुंबईहून फेऱ्या करू लागली आणि मध्यमवर्गीयांच्या मनात क्रूझने घर केले. हॉटेलात मुक्काम करावयाचा तर आपण भाडे पाहतो, खोली पाहतो आणि निश्चिंत होतो. बोटीच्या बाबतीत तेवढे पुरत नाही. ती कितीही शृंगारलेली असली तरी कायद्याने, वैद्यकाने आणि खर्चाने ती बोटच राहते.

याचा प्रत्यय आम्हांस गेल्या वर्षी आला. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ, भेलमधून निवृत्त झालेले अभियंता, एक पाकीट घेऊन आमच्याकडे आले. विवाहाला चाळीस वर्षे पूर्ण होत होती, भूमध्य समुद्रातील सात रात्रींची सफर ठरत होती. म्हणाले, "सर, तुम्ही मराठीचे एम.ए. आहात, तरी एवढे इंग्रजी वाचून द्या. अक्षर फार बारीक आहे." वहिनींना मधुमेह आणि रक्तदाब आहे. त्यांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी बाजूला ठेवलेली रक्कम या सफरीत जाणार होती, आणि शस्त्रक्रिया पुढच्या वर्षावर ढकलावी असे वहिनींनीच सुचविले होते. विम्याचा अर्जही सोबत होता. त्यातील 'पूर्वीचे आजार' या रकान्यात मध्यस्थाने 'नाही' असे आधीच लिहून ठेवले होते. हप्ता वाढू नये, हा त्यामागचा सद्‌भाव!

प्रथम खर्चाकडे वळू. जाहिरातीतील आकडा बहुधा दरडोई असतो आणि एका खोलीत दोघे राहतील असे गृहीत धरलेले असते. एकट्या प्रवाशाला जवळजवळ दुप्पट द्यावे लागू शकते, हे आमच्या ओळखीच्या एका विधवा भगिनींना शेवटच्या क्षणी कळले. बंदरशुल्क आणि कर निराळे. नोकरवर्गाची बक्षिसी ही आपल्याकडे मनाची मर्जी असते. अनेक अमेरिकी कंपन्यांच्या बोटींवर ती दरडोई दररोज साधारण १६ ते २० डॉलर याप्रमाणे आपोआप खात्यात चढते. दोघांच्या सात रात्री धरल्या तर ही रक्कम निदान सुमारे सव्वादोनशे डॉलर होते. मुख्य भोजनगृहातील जेवण भाड्यात असते, परंतु पेये, इंटरनेट, कपडे धुणे आणि निवडक उपाहारगृहे नसतात. प्रत्येक बंदरात उतरून शहर पाहावयाचे तर त्याचे भाडे पुन्हा वेगळे. परदेशी सहलीचे पॅकेज विकणारा जो कर आगाऊ वसूल करतो, तो पुढे आयकर विवरणात वळता होतो खरा, पण तोवर पैसा अडकलेला राहतो.

भोपाळकरांच्या खर्चात आणखी एका रात्रीची भर घालावीच लागते. पंजाब मेल उशिरा पोहोचली म्हणून बोट बॅलार्ड पिअरवर थांबत नाही. मुंबईहून निघावयाचे असो वा परदेशी बंदरातून, आदल्या दिवशी पोहोचणे हेच शहाणपणाचे. वाटेतल्या बंदरांतही हाच न्याय लागू. बोटीने आखलेल्या सहलीला उशीर झाला तर सामान्यतः कप्तान वाट पाहतो. आपण स्वतःची टॅक्सी करून गेलो तर पाहत नाही. पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते.

आता सुरक्षिततेविषयी. मोठ्या प्रवासी बोटी बुडण्याचे प्रसंग विरळा, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटानजीक 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर घासून कलंडली. चार हजारांहून अधिक माणसे तिच्यावर होती, त्यांतील बत्तीस मृत्युमुखी पडली. ज्याचे अवशेष सर्वांत शेवटी, २०१४ च्या नोव्हेंबरात, सापडले तो मुंबईकडचा एक वाढपी होता. त्याच सायंकाळी चिवितावेक्क्या बंदरात चढलेल्या शेकडो प्रवाशांना संकटकाळी कोठे जमावयाचे याची कवायत मिळालीच नव्हती, कारण तोवर ती चोवीस तासांत केव्हाही घेतली तरी चालत असे. १ जानेवारी २०१५ पासून ती बोट सुटण्यापूर्वी अथवा सुटताक्षणी घेणे आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक झाले. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा तो संकेत. आमच्या शाळेची घंटा विद्यार्थी ओळखतात तसा प्रत्येक प्रवाशाने तो ओळखावा. पुष्कळ मंडळी त्या वेळी छायाचित्रे काढीत असतात.

याबाबत परदेशाकडे बोट दाखविण्याचेही कारण नाही. आमच्याच भोपाळात १३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे खटलापुरा घाटावर गणेशविसर्जनाच्या वेळी नावा उलटून अकरा तरुण गेले. अंगात रक्षक जॅकेटे नव्हती. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि पंधरा जीव गेले. त्या बोटीला ८४ प्रवाशांची परवानगी होती, चढले होते शंभरावर. अशा छोट्या बोटीत आपण अर्ध्या तासासाठी चढतो आणि काही विचारीत नाही. मोठ्या सफरीवर गेलेला माणूसही बंदरात उतरल्यावर अशाच छोट्या बोटींतून फिरतो, हे विसरू नये.

बुडण्यापेक्षा आजाराची भीती अधिक वास्तव आहे. २०२० च्या फेब्रुवारीत योकोहामा येथे 'डायमंड प्रिन्सेस' अडकली, तेव्हा ३७११ जणांपैकी ७१२ बाधित झाले. २०२२ च्या आरंभी नववर्षासाठी मुंबईहून गोव्यास गेलेल्या कॉर्डेलियाच्या बोटीवर सहासष्ट जण बाधित आढळले आणि बोट मुंबईस परतली. साथ नसली तरी वयोवृद्धांचे हृदय, साखर, घसरलेला पाय यांना साथीची गरज नसते. बोटीवर डॉक्टर असतो, काही खाटा असतात. परंतु ते रुग्णालय नव्हे. प्रकृती गंभीर झाल्यास रुग्णाला जवळच्या बंदरात उतरवितात, क्वचित हेलिकॉप्टरने नेतात. डॉक्टरांचे बिल खोलीच्या खात्यात चढते आणि ते प्रथम आपणच भरावयाचे असते. आपल्या घरी असलेले साधे आरोग्यविम्याचे कार्ड सामान्यतः भारतातील उपचारांपुरते असते, तेव्हा परदेशी पाण्यात त्याचा उपयोग नाही.

म्हणून प्रवासविमा. आमच्या कोलार रोडवर बीमा कुंज नावाची अख्खी वसाहत आहे. तेथेही विमापत्र आरंभापासून अखेरपर्यंत वाचलेला माणूस आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते, म्हणून लोक तेवढेच घेतात. तो आकडा व्हिसा मिळण्यापुरता आहे, समुद्रातून रुग्ण हलविण्याच्या खर्चाशी त्याचा मेळ बसेलच असे नाही. विमापत्रात तीन गोष्टी शोधाव्या: क्रूझवरील उपचार व रुग्णवाहतूक स्पष्ट शब्दांत समाविष्ट आहे काय, पूर्वीच्या आजारातून उद्भवलेल्या प्रसंगाला काही संरक्षण आहे काय, आणि निघण्यापूर्वी सफर रद्द करावी लागल्यास कोणती कारणे ग्राह्य आहेत. केवळ मन बदलले किंवा भीती वाटली, हे कारण सहसा चालत नाही. आणि निघण्याच्या दिवसाजवळ बोटकंपनी बहुधा संपूर्ण भाडेच ठेवून घेते.

शेजाऱ्यांच्या अर्जातील त्या 'नाही'वर आम्ही बोट ठेवले ते यासाठी. आयुर्विम्यात तीन वर्षे लोटल्यावर विमा अधिनियमाच्या ४५ व्या कलमाचा आधार मिळतो, आरोग्यविम्यात साठ महिने सलग झाल्यावर तसेच काहीसे संरक्षण आहे. पंधरा दिवसांच्या प्रवासविम्याला असा कोणताही आडोसा नाही. लपविलेला मधुमेह परदेशातील रुग्णालयाच्या पहिल्याच कागदावर उमटतो आणि दावा तेथेच संपतो. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मग खरे तेच लिहा ना. औषधांची पिशवी तर बरोबर नेणारच आहे." हप्ता वाढला. त्यांनी हिशेब पुन्हा मांडला, भूमध्य समुद्र बाजूला ठेवला आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया आधी करविली. मुंबईहून निघणाऱ्या तीन रात्रींच्या सफरीचा विचार हिवाळ्यात होणार आहे.

राहिला तिकिटाच्या पाठीवरील मजकूर. वादळ, युद्ध वा अन्य कारणाने एखादे बंदर गाळण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवलेला असतो. तंटा कोणत्या गावच्या न्यायालयात चालेल, हेही तेथेच लिहिलेले असते. १९९१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कार्निव्हल कंपनीविरुद्ध शूट दांपत्याच्या प्रकरणात असे कलम वैध ठरविले. वॉशिंग्टन राज्यात राहणाऱ्या, बोटीवर पडून जखमी झालेल्या स्त्रीला दाव्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्लोरिडाला, जाण्यास सांगण्यात आले. अमेरिकनांची ही गत, तर कोलार रोडच्या पेन्शनराने मायामीत वकील कोठून करावा? म्हणून शक्यतो भारतात नोंदलेल्या, पावती देणाऱ्या विक्रेत्याकडूनच तिकीट घ्यावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. विमा कंपनीने दावा नाकारला तर प्रथम तिच्याकडे लेखी तक्रार करावी, आणि समाधान न झाल्यास वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे जावे. मध्यप्रदेश व छत्तीसगडसाठी ते कार्यालय भोपाळातच आहे, तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र बोटीवरील डॉक्टरांचे मूळ बिल, उपचारांची नोंद आणि तिकिटाच्या दोन्ही बाजू बोटीवरून उतरण्यापूर्वीच हाती असाव्यात. मागाहून त्या मागविणे फार कठीण जाते.