पोलादानंतरचं पिट्सबर्ग

जमशेदजी टाटा १९०२ साली अमेरिकेला गेले, तेव्हा पिट्सबर्ग टाळणं त्यांना शक्यच नव्हतं. हिंदुस्थानात पोलादाचा कारखाना काढायचा तर ज्युलियन केनेडी या नामांकित अभियंत्याचा सल्ला हवा होता, आणि केनेडी पिट्सबर्गचे. आधी खनिजाची शास्त्रशुद्ध पाहणी करा, असं सांगून केनेडींनी चार्ल्स पेज पेरिन यांचं नाव सुचवलं. पुढे साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, जो कारखाना उभा राहिला त्याचे आराखडे केनेडींच्याच कंपनीने केले. त्या काळी जगात कुणालाही पोलाद शिकायचं असेल, तर वाट पेनसिल्वेनियातल्या या डोंगराळ गावाकडे जायची.

याचं कारण भूगोलात आहे. अ‍ॅलेगेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्या इथे मिळतात आणि ओहायो नदी सुरू होते. या संगमासाठी फ्रेंच आणि इंग्रज भांडले. १७५८ मध्ये इंग्रजांनी तो जिंकला आणि विल्यम पिट या आपल्या मुत्सद्द्याचं नाव गावाला दिलं. पण खरी संपत्ती डोंगरांच्या पोटात होती. समोरच्या टेकडीलाच लोक ‘कोल हिल’ म्हणत. जवळच्या कॉनेल्सव्हिल परिसरातल्या कोळशापासून उत्तम कोक होई, आणि लोहखनिज आणायला, तयार माल न्यायला नद्या नि रेल्वे होत्याच.

अँड्र्यू कार्नेगीने १८७५ मध्ये ब्रॅडॉक या नदीकाठच्या उपनगरात एडगर थॉमसन वर्क्स सुरू केलं. जॉर्ज वेस्टिंगहाउसचे रेल्वेचे एअर ब्रेक, हाइन्झची लोणची आणि केचप, पुढे अल्कोआ झालेली अ‍ॅल्युमिनियम कंपनी, हे सगळं याच गावच्या परिसरात, जेमतेम दोन दशकांत जन्माला आलं. १९०१ मध्ये कार्नेगीने आपली कंपनी जे. पी. मॉर्गनला ४८ कोटी डॉलरना विकली आणि त्यातून यू. एस. स्टील उभी राहिली.

या वैभवाची किंमत कामगारांनी मोजली. भट्टीवरची पाळी बारा तासांची असे. १८९२ मध्ये कार्नेगीच्याच होमस्टेडच्या कारखान्यात व्यवस्थापक हेन्री क्ले फ्रिकने टाळेबंदी केली आणि पिंकर्टन कंपनीचे ३०० हत्यारबंद रक्षक पडावांतून नदीमार्गे आणले. ६ जुलैच्या पहाटे काठावर गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली, मग राज्याचं सैन्य आलं आणि कामगारांची संघटना मोडली. ती पुन्हा उभी राहायला चार दशकं लागली. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता. त्याच माणसाने अमेरिकेतलं आपलं पहिलं सार्वजनिक ग्रंथालय ब्रॅडॉकला बांधलं, तेही १८८९ मध्ये, म्हणजे होमस्टेडच्या आधी. त्याचं दातृत्व मी खोटं मानत नाही. पण बारा तास भट्टीपुढे उभं राहिलेला माणूस पुस्तक कधी उघडणार होता, हा प्रश्न मला सोडत नाही.

धुराने तर दिवसाची रात्र व्हायची. १९४०च्या दशकात भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत. धूरबंदीचा कायदा १९४१चा, पण महायुद्धामुळे अंमल सुरू झाला १९४६ मध्ये. डेमोक्रॅट महापौर डेव्हिड लॉरेन्स आणि रिपब्लिकन बँकर रिचर्ड किंग मेलन या दोघांनी पक्ष बाजूला ठेवून ते जमवलं. १९४८ मध्ये जवळच्या डोनोरा गावात विषारी धुक्याने वीस माणसं दगावली, तेव्हा या कामाची निकड साऱ्या देशाला कळली. संगमावरची रेल्वेयार्डं जाऊन तिथे बाग झाली. मात्र याच ‘नवनिर्माणा’त लोअर हिल ही प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची वस्ती पाडून सुमारे आठ हजार लोकांना हलवलं, आणि तिथे क्रीडागृह बांधलं. नाटककार ऑगस्ट विल्सन याच हिलचा. त्याची बहुतेक नाटकं तिथेच घडतात.

मग पोलादच आटलं. भट्ट्या जुन्या, जपान आणि युरोपचा माल स्वस्त, डॉलर महाग, त्यात मंदी. १९८२ मध्ये यू. एस. स्टीलने अब्जावधी डॉलर घातले ते कारखान्यांत नव्हे, मॅरेथॉन ऑइल विकत घेण्यात. १९८३च्या सुरुवातीला परिसरातली बेरोजगारी १७ टक्क्यांवर गेली. होमस्टेड १९८६ मध्ये बंद झालं. १९५० मध्ये शहराची लोकसंख्या ६ लाख ७६ हजार होती, २०२० मध्ये ती जेमतेम ३ लाख ३ हजार उरली.

यातून शहर सावरलं, याला अनेक जण चमत्कार म्हणतात. मला तसं वाटत नाही. नव्या अर्थव्यवस्थेचं बियाणं पोलादाच्या पैशातूनच आधी पेरलेलं होतं. कार्नेगीने १९०० मध्ये कारागिरांच्या मुलांसाठी काढलेली तंत्रशाळा १९६७ मध्ये मेलन इन्स्टिट्यूटशी जोडली जाऊन कार्नेगी मेलन विद्यापीठ झाली. तिथल्या अ‍ॅलन न्यूएल आणि हर्बर्ट सायमन यांनी १९५०च्या दशकातच विचार करणाऱ्या संगणक-प्रोग्रामवर काम सुरू केलं होतं. १९७९ मध्ये, भट्ट्या विझू लागल्या त्याच सुमारास, तिथे वेस्टिंगहाउसच्या मदतीने रोबोटिक्स इन्स्टिट्यूट निघाली. तिचे पहिले संचालक आंध्रात जन्मलेले राज रेड्डी. दुसरीकडे पिट्सबर्ग विद्यापीठात जोनास साल्कने पोलिओची लस तयार केली होती, आणि १९८१ मध्ये थॉमस स्टार्झल आल्यावर यकृत-प्रत्यारोपणासाठी जगभरचे रुग्ण इथे येऊ लागले. नॅबिस्कोच्या बिस्किट कारखान्यात गूगलचं कार्यालय आलं, भाषा शिकवणारी ड्युओलिंगो इथेच जन्मली. हेझलवूडचा कोक कारखाना १९९८ मध्ये बंद झाला. त्याची १७८ एकर जागा धर्मादाय संस्थांनी घेतली आणि एका जुन्या कारखान्याच्या सांगाड्यातच रोबोटिक्सच्या प्रयोगशाळा थाटल्या. यू. एस. स्टीलच्या ६४ मजली इमारतीवर आज नाव झळकतं ते यूपीएमसी या रुग्णालय-समूहाचं.

पण ज्यांची नोकरी गेली आणि ज्यांना नवी मिळाली, ती माणसं वेगळी. भट्टीवरून सुटलेला पन्नाशीचा माणूस रोबोटिक्समध्ये गेला नाही. त्याची मुलं टेक्सास, फ्लोरिडाकडे निघून गेली. रुग्णालयं आणि विद्यापीठं ना-नफा संस्था म्हणून मोठ्या प्रमाणात मालमत्ताकरातून सुटतात, त्यामुळे शहरातली सर्वांत मोलाची जमीन तिजोरीत फारसं टाकत नाही. २०१३ मध्ये महापालिकेने यूपीएमसीच्या या सवलतीला कोर्टात आव्हान दिलं आणि पुढच्याच वर्षी खटला मागे घेतला. ब्रॅडॉकमध्ये एकेकाळी वीस हजार लोक राहत. २०२०च्या जनगणनेत दोन हजारही भरले नाहीत. तिथलं रुग्णालय यूपीएमसीने २०१० मध्ये बंद केलं. एडगर थॉमसन वर्क्स मात्र अजून चालू आहे आणि जून २०२५ पासून ते, बाकीच्या यू. एस. स्टीलसह, जपानच्या निप्पॉन स्टीलच्या मालकीचं आहे. कामगार संघटनेच्या नेतृत्वाने या विक्रीला कडाडून विरोध केला. मोनोंगाहेलाच्या खोऱ्यातले कितीतरी कामगार मात्र विक्रीच्या बाजूने उभे राहिले, कारण नव्या मालकाने जुन्या कारखान्यांत पैसा घालण्याचं वचन दिलं होतं.