कौल दिला, तर दिला!

"बाई, कौल म्हणजे घरावरचं ना?" फळ्यावर शब्द लिहिला आणि चौथीच्या वर्गातून पहिलं उत्तर हे आलं! बरोबरच आहे. पण छपरावरचं ते कौल, आणि आपण बोलतोय तो कौल. दोघांचं नातं काही नाही.

बालमित्रांनो, हा कौल मुळातला अरबी. त्याचा अर्थ बोललेला शब्द, वचन. कव्वाली ऐकता ना? तीही याच घराण्यातली!

शिवकाळात, पेशवाईत लढाई किंवा दुष्काळ आला की माणसं गुरंढोरं घेऊन गाव सोडायची. शेतं पडीक. मग सरकारातून कौल जायचा. परत या, भिऊ नका, जमीन कसा. पहिल्या वर्षी सारा अगदी थोडा घेऊ, पुढे दरवर्षी थोडाथोडा वाढवू. याला म्हणत 'इस्ताव्याचा कौल'. नुसतं 'घाबरू नका' म्हटल्यावर कोण परत येणार? किती द्यायचं, केव्हा द्यायचं ते ठरवून दिलेलं असे, म्हणून माणसं येत.

कोकणात नि गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं. सहसा उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. काय करावं सुचेना, की माणूस असा कौल मागतो. (परीक्षेच्या अभ्यासाला मात्र कौल लावू नका हं!) निवडणुकीतला जनतेचा कौल, नाणेफेकीचा कौल तर तुम्ही वर्तमानपत्रात वाचताच.

गेल्या वर्षी पाढ्यांच्या भीतीनं एक मुलगी शाळेतच येईना. मी तिच्या घरी गेले. समजावून झालं, चुचकारून झालं. शेवटी वहीच्या पानावर चक्क कौलच लिहून दिला! पहिल्या आठवड्यात फक्त दोनचा पाढा, पुढे दर आठवड्याला एक, त्यापुढचं विचारणार नाही. खाली माझी सही. दुसऱ्या दिवशी ती आली.

तिसऱ्या आठवड्यात तपासणीला साहेब आले. गडबडीत माझ्या तोंडून गेलं, "सांग गं, सात पंचे?"

ती उभी राहिली. ओठ थरथरत होते. मग तिनं दप्तरातून घडी केलेला तो कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं! साहेबांनी कागद मागून घेतला, वाचला आणि म्हणाले, "बाई, चारपर्यंतच विचारा."

"चुकलं माझं," मी तिला म्हटलं. "चार चोक?"

"सोळा!"