गुणात्मक चलांचे साहचर्य

लिंग, व्यवसाय, रक्तगट, मातृभाषा यांसारख्या गुणधर्मांचे संख्येने मापन करता येत नाही. त्यांचे फक्त वर्ग पाडता येतात आणि प्रत्येक वर्गात किती व्यक्ती मोडतात हे मोजता येते. अशा गुणधर्मांना गुणात्मक चल म्हणतात. एका चलाच्या वर्गानुसार दुसऱ्या चलाच्या वर्गांतील प्रमाण बदलत असेल, तर त्या दोन चलांत साहचर्य आहे असे म्हणतात. प्रमाण सर्वत्र सारखेच असेल, तर ते चल परस्परनिरपेक्ष होत. निरीक्षणांत आढळणारे साहचर्य केवळ योगायोगाने उद्‌भवू शकेल काय, याची छाननी मुख्यत्वे काय-वर्ग कसोटीने करतात. तीमधील आकडेमोड हल्ली संगणकाच्या आज्ञावलीकडून करून घेतली जाते.

इतिहास : ही कसोटी इंग्रज सांख्यिकीविज्ञ कार्ल पीअर्सन यांनी १९०० साली मांडली. दोन आडव्या ओळी व दोन उभे स्तंभ असलेल्या सारणीसाठी कसोटी कशी लावावी, याविषयी पीअर्सन यांच्या विवेचनात राहिलेला दोष आर्. ए. फिशर यांनी १९२२ मध्ये दाखवून दिला. अशा सारणीतील चारही बेरजा ठरलेल्या असल्या, तर एका घरातील संख्या कळताच उरलेल्या तीन घरांतील संख्या आपोआप ठरतात. म्हणून तिची मुक्तता मात्रा तीन नसून एक असते. लहान संख्यांसाठी फ्रँक येट्स यांनी १९३४ मध्ये एक दुरुस्ती सुचविली, तर फिशर यांनी त्याच सुमारास अचूक कसोटी दिली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६८ साली सामाजिक शास्त्रांसाठी तयार झालेली एसपीएसएस ही आज्ञावली आणि पुढे ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी निर्माण केलेली, विनामूल्य मिळणारी आर ही संगणकीय भाषा यांमुळे या कसोट्या सर्व अभ्यासकांच्या आवाक्यात आल्या.

पद्धती : प्रथम दोन्ही चलांची द्विमार्गी सारणी तयार करतात. चल परस्परनिरपेक्ष आहेत असे गृहीत धरून प्रत्येक घरातील अपेक्षित संख्या काढतात. ती म्हणजे त्या घराच्या ओळीची बेरीज व स्तंभाची बेरीज यांच्या गुणाकाराला एकूण संख्येने भागून येणारी संख्या होय. प्रत्यक्ष व अपेक्षित संख्यांतील फरकाचा वर्ग करून त्यास अपेक्षित संख्येने भागतात. सर्व घरांसाठी येणाऱ्या अशा भागाकारांची बेरीज म्हणजे काय-वर्ग मूल्य. मुक्तता मात्रा एक असताना हे मूल्य केवळ योगायोगाने ३.८४१ पेक्षा अधिक येण्याची संभाव्यता ५ टक्के असते. अपेक्षित संख्या फार लहान, सामान्यतः ५ पेक्षा कमी, असतील तर कसोटीचे उत्तर भरवशाचे राहत नाही. तशी सूचना आज्ञावली उत्तरासोबत देते. अशा वेळी फिशर यांची अचूक कसोटी वापरतात.

उदाहरण : अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत १९७३ साली पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी आलेल्या अर्जांची माहिती या विषयात प्रसिद्ध आहे. तीत सर्वांत मोठ्या सहा विभागांत २,६९१ पुरुषांपैकी १,१९८ जणांना (४४.५ टक्के) आणि १,८३५ स्त्रियांपैकी ५५७ जणींना (३०.४ टक्के) प्रवेश मिळाला. लिंग व प्रवेश परस्परनिरपेक्ष असते, तर सुमारे ७१२ स्त्रियांना प्रवेश अपेक्षित होता. काय-वर्ग मूल्य ९२.२ येते. इतके मोठे मूल्य योगायोगाने येणे जवळजवळ अशक्य आहे. तेव्हा स्त्रियांवर अन्याय झाला, असा निष्कर्ष सहज निघतो. तथापि प्रवेश प्रत्येक विभाग स्वतंत्रपणे देत असे. विभागवार पाहता चित्र असे दिसते (विभागांची नावे न देता त्यांस अक्षरे दिलेली आहेत) :

| विभाग | पुरुष अर्जदार | प्रवेश (टक्के) | स्त्री अर्जदार | प्रवेश (टक्के) |
|---|---|---|---|---|
| क | ८२५ | ६२ | १०८ | ८२ |
| ख | ५६० | ६३ | २५ | ६८ |
| ग | ३२५ | ३७ | ५९३ | ३४ |
| घ | ४१७ | ३३ | ३७५ | ३५ |
| च | १९१ | २८ | ३९३ | २४ |
| छ | ३७३ | ६ | ३४१ | ७ |

क विभागात काय-वर्ग मूल्य १७.२ येते, पण तेथील फरक स्त्रियांच्या बाजूचा आहे. उरलेल्या पाचही विभागांत ते सुमारे १ किंवा त्याहून कमी आहे. सहा विभाग वेगळे ठेवूनच त्यांचा एकत्रित विचार करणारी मँटेल–हेन्सेल कसोटी (१९५९) लावली असता मूल्य फक्त १.५ येते, म्हणजे साहचर्याचा पुरावा उरत नाही. कारण असे की, क व ख या सुलभ प्रवेशाच्या विभागांकडे निम्म्याहून अधिक पुरुषांनी अर्ज केले होते. स्त्रियांपैकी जेमतेम ७ टक्क्यांनी. बहुसंख्य स्त्रियांचे अर्ज जेथे निम्म्याहून बऱ्याच अधिक अर्जदारांना नकार मिळतो अशा विभागांकडे गेले होते. पीटर बिकेल, यूजीन हॅमल व जे. विल्यम ओकॉनेल यांनी संपूर्ण विद्यापीठाच्या माहितीचे असे विश्लेषण १९७५ मध्ये प्रसिद्ध केले. एकत्रित सारणीतील साहचर्य पोटसारण्यांत नाहीसे होणे किंवा उलटणे यास सिंप्सन विरोधाभास म्हणतात.

मर्यादा : काय-वर्ग मूल्य साहचर्याचे बळ दाखवीत नाही, नमुना मोठा असला की क्षुल्लक फरकही सार्थ ठरतो. बळ मोजण्यासाठी काय-वर्ग मूल्यास एकूण संख्येने भागून वर्गमूळ काढतात. वरील एकत्रित सारणीत ते ०.१४ येते, म्हणजे साहचर्य निश्चित असूनही सौम्य आहे. साहचर्य म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हेही लक्षात ठेवावे लागते. एकाच व्यक्तीची नोंद दोन घरांत झाली असल्यास, अथवा संख्यांऐवजी शेकडेवारी भरल्यास, कसोटीचे उत्तर निरर्थक ठरते. आज्ञावली मात्र ते बिनतक्रार छापून देते.

आज्ञावली आपल्यासमोर ठेवलेल्या सारणीपुरतेच उत्तर देते. सारणीत न घेतलेला तिसरा चल तिला ठाऊक नसतो. बर्कलीच्या उदाहरणात विभाग हा चल वगळला असता, तर निवड करणाऱ्या अध्यापकांवर निराधार आरोप झाला असता. उलट पोटसारण्यांत साहचर्य नाही एवढ्यावरून सर्व काही न्याय्य होते असेही सिद्ध होत नाही. स्त्रिया विशिष्ट विभागांकडेच का वळतात, हा प्रश्न तसाच राहतो. कोणत्या चलांची सारणी करावयाची आणि कोणत्या चलानुसार तिची विभागणी करावयाची, हे विषयाच्या जाणकारीनेच ठरवावे लागते.