पात्रतेचा वाद आणि वेळेवरचा सल्ला

महाविद्यालयीन खेळाडूची पात्रता मैदानावर ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती प्रथम कार्यालयात ठरते. आंतरविद्यापीठ स्पर्धा भरविणाऱ्या असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज या दिल्लीतील संस्थेच्या नियमांनुसार खेळाडू १७ ते २५ या वयोमर्यादेतील आणि पूर्णवेळ विद्यार्थी असावा लागतो. तात्पुरता प्रवेश चालत नाही. नियम वाजवी आहेत. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर शासकीय नोकऱ्या मिळविल्याची प्रकरणे महाराष्ट्रात उघडकीस आलेली असताना ते सैल करा, असे कोणी म्हणणार नाही.

प्रश्न आहे तो हे नियम नंदुरबारसारख्या जिल्ह्यात कोणत्या कागदांवर तपासले जातात हा. सातपुड्यातील कित्येक घरांत मुलाच्या जन्माची नोंद वेळेवर झालेली नसते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून ही तारीख लिहावयाची, ही तर महाराष्ट्रातील जुनीच चाल. एकाच वर्गातील निम्मी मुले एकाच दिवशी जन्मल्याचे हजेरीपट सांगतात! जन्म दाखला पुढे सापडला आणि त्यावरील तारीख निराळी निघाली, की वादास तोंड फुटते. मग हाडांच्या क्ष-किरण तपासणीची भाषा सुरू होते. परंतु अशा तपासणीत दोन्ही बाजूंस दोन वर्षांचा फरक पडू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच जयामाला खटल्यात मान्य केले आहे. त्यात गुजरातेत ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील मुलांचे शिक्षण मध्येच खंडित होते आणि पंचविशीची मर्यादा त्यांना इतरांहून आधी गाठते.

या वादात पणाला लागते ते केवळ पदक नव्हे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. अपात्र ठरलेल्या खेळाडूच्या हातून एक स्पर्धा जाते आणि तिच्याबरोबर त्या वाटेची एक पायरीही जाते.

अशा वेळी जाणत्याचा सल्ला कोठे मिळावा? विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जमातीची व्यक्ती, तसेच कोणतीही स्त्री, उत्पन्नाची अट न लागता मोफत विधी साहाय्यास पात्र आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. म्हणजे जिल्ह्यातील बहुसंख्य खेळाडूंना वकील विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. तो आहे हे मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असावे. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनी प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आवश्यक केली असून तिच्या निर्णयावर लोकपालाकडे अपील करता येते. महाविद्यालयाने कागदपत्रे अडवून ठेवली, तर हा मार्ग विशेष उपयोगी आहे.

तथापि समितीला अहवालासाठी पंधरा कामकाजाचे दिवस, आणि लोकपालाला निर्णयासाठी आणखी तीस. संघ तेवढा थांबत नाही. उच्च न्यायालयात जावयाचे तर छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ गाठावे लागते. मोलगीच्या मुलाला आधी नंदुरबारला पोहोचण्याचीच चिंता असते.

धावपटू दुती चंद हिला २०१४ मध्ये संप्रेरकांच्या नियमावरून राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळण्यात आले. तिच्या मागे संशोधक पायोश्नी मित्रा उभ्या राहिल्या, टोरांटोच्या वकिलांनी फी न घेता बाजू मांडली आणि जुलै २०१५ मध्ये क्रीडा लवादाने तो नियम स्थगित केला. इतके जाणकार लाभूनही ग्लासगोची संधी गेली ती गेलीच.

म्हणून वाद उत्पन्न होण्यापूर्वीचा सल्ला अधिक मोलाचा. प्रवेश होताच, जुलै-ऑगस्टमध्ये, शारीरिक शिक्षण संचालकांनी संभाव्य खेळाडूंचे जन्म दाखले, शाळा सोडल्याचे दाखले आणि प्रवेशाच्या नोंदी जुळवून पाहाव्यात. त्या दिवशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा एक वकील महाविद्यालयात बसावा. तळोदा, अक्कलकुवा, धडगाव येथे याला मोठा खर्च येणार नाही. तारखांत तफावत आढळली, तर दुरुस्तीसाठी वा जळगावच्या विद्यापीठाकडून लेखी खुलासा मागविण्यासाठी दोन-तीन महिने तरी हाती राहतील. आणि खुलासा लेखीच मागवावा. दूरध्वनीवरून मिळालेले ‘चालेल’ स्पर्धेच्या ठिकाणी कोणी ऐकून घेत नाही.