शोधयंत्रातील सुसंगतिगुणांचा अर्थ

शोधयंत्र वाचकाच्या प्रश्नास उत्तर म्हणून लेखांची यादी देते, तेव्हा प्रत्येक लेखास ते एक अंक देत असते. हा सुसंगतिगुण परीक्षेतील गुणांप्रमाणे वाचला जातो, आणि घोटाळा तेथेच होतो.

शब्द जितक्या थोड्या लेखांत आढळतो तितके त्याचे शोधमूल्य अधिक, हे तत्त्व केरेन स्पार्क जोन्स यांनी 1972 मध्ये मांडले. आज प्रचलित असलेल्या बीएम-25 या सूत्राचा तोच आधार होय. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात एक व अमरावतीच्या मराठी विभागात एक, असे हजार-हजार लेखांचे दोन संग्रह कल्पावेत. ‘कापूस’ हा शब्द पहिल्यातील 500 व दुसऱ्यातील केवळ 5 लेखांत आहे असे समजल्यास, लुसीन प्रणालीच्या सूत्रानुसार त्याचा भार अकोल्यास सुमारे 0.69, तर अमरावतीस सुमारे 5.20 येतो. लेखांची सरासरी लांबी सारखी धरली तर लेख तोच, प्रश्न तोच. गुण मात्र साडेसातपट! शिवाय शब्दागणिक भारांची बेरीज होत असल्याने लांब प्रश्नास सहसा मोठे गुण पडतात. सारांश, हा अंक एकाच प्रश्नाच्या एकाच यादीत क्रम लावण्यापुरता ग्राह्य आहे.

गुणांचे टक्के करून दाखविण्याची हौस याहून घातक. सर्वाधिक गुणाने भागले की पहिला लेख नेहमीच शंभर टक्के ठरतो, मग तो विषयाशी कितीही विसंगत असो. साठ टक्क्यांखालचे लेख वगळून पूर्वसंशोधनाचा आढावा लिहिणारा विद्यार्थी वस्तुतः लेखांची नव्हे, भागाकाराची निवड करीत असतो.

मराठीत आणखी एक अडचण आहे. ‘वऱ्हाड’ या शब्दातील अर्धा र संगणकात दोन रीतींनी साठविला जातो: ऱ या स्वतंत्र अक्षराने, किंवा साध्या र नंतर हलन्त व अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांस दोन्ही एकच. यंत्रास, एकरूपीकरण केले नसल्यास, हे दोन वेगळे शब्द. ‘कापूस’ शोधताना ‘कापसाचा’ निसटतो, तोही असाच. अशा लेखास कमी गुण मिळत नाहीत. तो यादीतच येत नाही.

म्हणून यादीत अंकाऐवजी अनुक्रम, जुळलेल्या शब्दांसह उतारा व प्रकाशनवर्ष द्यावे. कोणती शब्दरूपे शोधली गेली, हे शिरोभागी नोंदविल्यास ‘वऱ्हाड’चे दुसरे रूप राहून गेले की नाही, हे वाचकास तेथेच पडताळता येते.