विडंबनातून इतिहासाचे स्मरण : ‘ओएसएस ११७’ या हेरपट-विडंबनाचा उत्तरभाग

प्रस्तावना

हेरपट हा विसाव्या शतकातील एक अत्यंत लोकप्रिय चित्रपटप्रकार होय. देखणा, आत्मविश्वासू व अजिंक्य नायक, परदेशातील रमणीय स्थळे, जगावर संकट आणू पाहणारा खलनायक आणि नायकाच्या मोहात पडणाऱ्या स्त्रिया हे या प्रकाराचे ठरलेले घटक आहेत. जे ठरलेले असते त्याचे विडंबन सहज करता येते. म्हणूनच हेरपटाबरोबर त्याच्या विडंबनाचीही एक परंपरा निर्माण झाली. अमेरिकेतील ‘ऑस्टिन पॉवर्स’ (१९९७) आणि ब्रिटनमधील ‘जॉनी इंग्लिश’ (२००३) ही तिची परिचित उदाहरणे होत. या दोहोंचे उत्तरभागही निघाले.

विडंबनपटाच्या उत्तरभागापुढे मात्र एक मूलभूत अडचण असते. विनोदाचे बळ अनपेक्षिततेत असते आणि उत्तरभागाचे आकर्षण परिचिततेत असते. एकदा हसून झालेल्या गोष्टीवर प्रेक्षकाला पुन्हा कसे हसवावे, हा तो प्रश्न होय. मिशेल हाझानाविसियस यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘ओएसएस ११७ : रिओ ने रेपाँ प्लू’ (२००९) या फ्रेंच चित्रपटाने या प्रश्नाला दिलेले उत्तर विचारात घेण्याजोगे आहे. प्रस्तुत लेखात त्या उत्तराचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

पूर्वपीठिका

ओएसएस ११७ हा हेर मुळात विनोदी नव्हता. फ्रेंच लेखक ज्याँ ब्रूस यांनी १९४९ मध्ये या नायकाची कादंबरीमाला सुरू केली. इयान फ्लेमिंग यांची जेम्स बाँडवरील पहिली कादंबरी १९५३ मधील आहे. म्हणजे हा फ्रेंच हेर बाँडपेक्षा वयाने थोरला ठरतो. १९६३ मध्ये ब्रूस यांचे मोटार अपघातात निधन झाले; त्यानंतर त्यांच्या पत्नी जोझेत ब्रूस यांनी ही माला पुढे चालविली. १९६० च्या दशकात या कादंबऱ्यांवर गंभीर हेरपटही निघाले.

हाझानाविसियस आणि पटकथाकार ज्याँ-फ्रान्स्वा आलाँ यांनी २००६ मध्ये या नायकाचे विडंबनरूपाने पुनरुज्जीवन केले. मूळ कादंबऱ्यांतील यूबेर बोनिसर द ला बात हा फ्रेंच वंशाचा अमेरिकन होता. विडंबनात तो अस्सल फ्रेंच झाला. हा बदल वरवर लहान दिसत असला तरी निर्णायक आहे, कारण त्यामुळे उपहासाचा रोख परक्याकडून स्वतःच्या राष्ट्राकडे वळला. ज्याँ द्युजार्दँ यांनी साकारलेला यूबेर शूर आहे, परंतु अज्ञानी आहे. आणि आपल्या अज्ञानाची त्याला जाणीव नाही. १९५५ मधील कैरोत घडणाऱ्या पहिल्या भागात पहाटेच्या अजानने झोपमोड झाली म्हणून तो मुअज्जिनवर चालून जातो आणि बक्षीस म्हणून राष्ट्राध्यक्ष रने कोती यांचे छायाचित्र वाटतो. वसाहतवादी मनोवृत्तीचे हे व्यंगचित्र होते.

काळ बदलतो, नायक बदलत नाही

उत्तरभागाचे कथानक १९६७ मध्ये घडते. मधल्या बारा वर्षांत जग बदलले आहे. अल्जीरिया स्वतंत्र झाला आहे, तरुण पिढी हिप्पी होऊ लागली आहे, स्त्रिया समान वागणुकीची अपेक्षा करू लागल्या आहेत. यूबेर मात्र जसाच्या तसा आहे. पहिल्या भागात तो आपल्या काळाचा प्रतिनिधी होता. दुसऱ्या भागात तो कालबाह्य झाला आहे. विनोद तोच, पण त्यामागील पार्श्वभूमी सरकली आहे. पुनरावृत्तीच्या अडचणीवर शोधलेला हा उपाय होय.

चित्रभाषेतही हा बदल जाणीवपूर्वक केला आहे. पहिल्या भागात १९५० च्या दशकातील स्टुडिओपद्धतीचे अनुकरण होते. मोटारीच्या काचेमागे सरकणारा, पडद्यावर प्रक्षेपित केलेला रस्ता हे त्याचे ठळक उदाहरण. दुसऱ्या भागात १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील विभागलेला पडदा येतो, ऑस्कर नीमायर यांच्या वास्तुरचनेने घडलेले ब्राझिलिया शहर येते, आणि रिओतील ख्रिस्ताच्या भव्य पुतळ्यावरील शेवटची झटापट आल्फ्रेड हिचकॉक यांच्या चित्रपटांची आठवण करून देते. आपल्याकडील वाचकाला या संदर्भात प्र. के. अत्रे यांच्या ‘झेंडूची फुले’ या विडंबनसंग्रहाचे स्मरण होईल. ज्याचे विडंबन करावयाचे त्या शैलीवर प्रभुत्व असल्याखेरीज विडंबन साधत नाही, हे तत्त्व येथेही लागू पडते.

यादीचा विनोद आणि यादीचा इतिहास

यूबेरवर सोपविलेली कामगिरी अशी : ब्राझीलमध्ये लपलेल्या फॉन झिमेल या नाझीकडे एक मायक्रोफिल्म आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी सहकार्य करणाऱ्या फ्रेंच नागरिकांची यादी तिच्यात आहे. पैसे देऊन ती परत आणावयाची आहे. अशी यादी फार मोठी असणार नाही, अशी यूबेरची प्रामाणिक समजूत आहे. संपूर्ण चित्रपटाचा गाभा या समजुतीत आहे.

ही समजूत एकट्या यूबेरची नव्हती. शार्ल द गोल यांच्या काळात, फ्रान्स हे मूलतः प्रतिकार करणारे राष्ट्र होते, ही धारणा अधिकृत इतिहासाचा भाग बनली होती. प्रतिकार चळवळीचे नेते ज्याँ मूलँ यांच्या अस्थी डिसेंबर १९६४ मध्ये पाँतेआँ या राष्ट्रीय स्मारकात नेण्यात आल्या. परंतु जुलै १९४२ मध्ये पॅरिस व परिसरातील १३ हजारांहून अधिक ज्यूंना अटक करणारे पोलीस फ्रेंचच होते. बोर्दो येथे ज्यूंच्या पाठवणीत प्रशासकीय भूमिका असलेले मोरिस पापों हे १९५८ पासून जानेवारी १९६७ पर्यंत पॅरिसचे पोलीसप्रमुख होते. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांतील सहभागाबद्दल ते दोषी ठरले ते १९९८ मध्ये. म्हणजे चित्रपटातील यादी काल्पनिक असली तरी तशा यादीत शोभणारी नावे त्या काळी प्रत्यक्ष अधिकारपदांवर होती.

मौन हळूहळू सुटले. मार्सेल ऑफुल्स यांचा व्यवसायकाळावरील माहितीपट १९६९ मध्ये पूर्ण झाला, पण फ्रेंच दूरचित्रवाणीवर तो १९८१ पर्यंत दाखविला गेला नाही. अमेरिकन इतिहासकार रॉबर्ट पॅक्स्टन यांचा व्हिशी राजवटीवरील ग्रंथ १९७२ मध्ये आला. फ्रेंच राज्याची जबाबदारी राष्ट्राध्यक्ष झाक शिराक यांनी जाहीरपणे मान्य केली ती १९९५ मध्ये. हे सर्व ठाऊक असलेला २००९ चा प्रेक्षक यूबेरच्या निरागसतेवर हसतो, तेव्हा तो स्वतःच्या समाजाच्या जुन्या निरागसतेवर हसत असतो.

ब्राझीलची निवडही सहेतुक आहे. त्रेब्लिंका छावणीचा प्रमुख फ्रान्झ श्टांगल याला फेब्रुवारी १९६७ मध्ये ब्राझीलमध्येच अटक झाली होती. शिवाय तेथे १९६४ पासून लष्करी राजवट होती. मोसादची अधिकारी दोलोरेस त्या राजवटीची लक्षणे मोजून दाखविते : सत्ताप्रमुखपदी सैनिक, गुप्त पोलीस, सरकारच्या ताब्यातील दूरचित्रवाणी. यूबेरला या वर्णनात हुकूमशाही दिसत नाही. त्याला आपला द गोलचा फ्रान्स दिसतो, आणि तोही अभिमानाने!

उपहासाची यंत्रणा आणि तिची मर्यादा

अशा विनोदात एक धोका असतो. पूर्वग्रहदूषित नायकावर हसण्याऐवजी प्रेक्षक त्याच्याबरोबर हसू शकतो. हा धोका टाळण्यासाठी दिग्दर्शकाने साक्षीदाराची योजना केली आहे. ज्यूंविषयी वा स्त्रियांविषयी यूबेर काही बोलला की कॅमेरा क्षणभर दोलोरेसच्या चेहऱ्यावर स्थिरावतो आणि संभाषणात अवघडलेली शांतता पसरते. प्रेक्षकाने कोणाच्या बाजूने पाहावे, हे त्या शांततेतून सुचविले जाते. फॉन झिमेल शेक्सपिअरच्या शायलॉकचे प्रसिद्ध भाषण नाझींच्या बचावासाठी वापरतो, तेव्हाही हीच यंत्रणा काम करते. पीडिताची भाषा पीडक उसनी घेतो. त्यातील विसंगती प्रेक्षकाला हसवते आणि अस्वस्थही करते.

ही यंत्रणा सर्वत्र आढळत नाही. मृत नातलगांचा सूड घेण्यासाठी यूबेरचा पाठलाग करणारे चिनी लोक केवळ पुनःपुन्हा येणारा विनोद म्हणून वापरले आहेत. त्यांच्या बाजूने पाहणारा साक्षीदार कथेत नाही. त्यामुळे तेथे उपहास पूर्वग्रहाचा होतो की पूर्वग्रहाचीच उजळणी होते, हे निश्चित ठरविता येत नाही. चित्रपटाची ही मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, विडंबनपटाचा उत्तरभाग केवळ विनोदांची संख्या वाढवून यशस्वी होत नाही. नायक स्थिर ठेवून इतिहास पुढे सरकविला, तर तोच विनोद नवा अर्थ धारण करतो. २०२१ मध्ये या मालेचा तिसरा भाग निकोला बदो यांच्या दिग्दर्शनाखाली आला आणि कथाकाळ १९८१ पर्यंत पुढे गेला. सूत्र मात्र तेच राहिले. राष्ट्राने स्वतःविषयी बाळगलेल्या सुखद समजुती कागदपत्रांच्या आधारे तपासणे हे इतिहासकाराचे कार्य होय. त्या समजुती उच्चारताना माणूस किती हास्यास्पद दिसतो, हे दाखविणे विडंबनकाराच्या हाती असते. साहित्य, इतिहास आणि चित्रपट यांचे अध्यापन परस्परांशी जोडू पाहणाऱ्या अध्यापकांना या दृष्टीने हा चित्रपट उपयुक्त ठरावा.