हॉस्पिस बंद पडत नाही, आकसत जातं: पैशाच्या ओढाताणीचा अभ्यास कसा करायचा?

आरोग्य व्यवस्थेवर संशोधन करायचं असं ठरवलेल्या बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न साधारण असा असतो: "निधी कमी झाल्याचा सेवेवर काय परिणाम झाला?" प्रश्न चांगला आहे, पण या रूपात तो अभ्यासता येत नाही. "परिणाम" म्हणजे नेमकं काय मोजणार, हे ठरलेलं नसतं. आज हॉस्पिस आणि पॅलिएटिव्ह केअरचं उदाहरण घेऊन हा प्रश्न थोडा सोलून बघू. उदाहरण उमरग्यातून घेतोय, कारण शहरात जे झाकून राहतं ते तालुक्याच्या ठिकाणी लवकर उघडं पडतं.

आधी शब्द नीट समजून घेऊ

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे उपशामक सेवा. आजार बरा होणार नसला तरी दुखणं, धाप, उलट्या, जखमेचा वास, भीती हे सगळं कमी करता येतं आणि त्यासाठी दिलेली सेवा ती ही. हॉस्पिस हा तिचाच एक भाग, आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यासाठीचा. भारतातलं पहिलं हॉस्पिस मुंबईत वांद्र्याला 1986 साली सुरू झालं, शांती अवेदना सदन. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून आहे. दोन्हीकडे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर उभं आहे. ज्या सेवेत रुग्ण पैसे देत नाही, तिथे पैसे देणारा कोणीतरी तिसरा असतो. त्याचा हात आखडला तर सेवा कशी बदलते, हा आपला विषय.

पैसा येतो कुठून?

भारतात साधारण तीन वाटा आहेत.

पहिली सरकारी. केरळनं 2008 मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं धोरण केलं, महाराष्ट्रानं 2012 मध्ये. त्याच वर्षी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रमही आला. पण त्याला स्वतंत्र अंदाजपत्रक नाही. राज्यांनी राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या वार्षिक आराखड्यात मागणी करायची आणि सामायिक निधीतून पैसे मिळवायचे. म्हणजे बाळंतपण, लसीकरण, क्षयरोग यांच्याच रांगेत उभं राहायचं. या रांगेत मरणाऱ्या माणसाचा नंबर कितवा लागत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

दुसरी वाट कंपन्यांची. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. मार्च 2020 मध्ये पीएम केअर्स फंडाला दिलेली देणगीही यात धरली जाईल असं स्पष्ट झालं. त्या वर्षी छोट्या संस्थांना कोणाशी स्पर्धा करावी लागली असेल, ते यावरून कळतं.

तिसरी वाट देणगीदारांची, देशातल्या आणि परदेशातल्या. सप्टेंबर 2020 मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली आणि एका संस्थेनं मिळालेला परदेशी पैसा दुसरीकडे वळता करण्यावर बंदी आली.

ही अडचण फक्त आपलीच आहे असं समजू नका. इंग्लंडमध्ये आधुनिक हॉस्पिसची चळवळ उभी राहिली, लंडनचं सेंट ख्रिस्तोफर 1967 चं. तिथेही हॉस्पिसांना सरकारकडून ढोबळमानानं एक तृतीयांश पैसा मिळतो, बाकीचा देणग्या आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांतून. एप्रिल 2025 मध्ये मालकांनी भरायचा राष्ट्रीय विम्याचा हप्ता 13.8 वरून 15 टक्के झाला, तेव्हा तिथल्या संस्थांनाही हिशेब नव्यानं मांडावे लागले.

आता खरी गंमत: आकडे खोटं न बोलता लपवतात

पैसा कमी झाला की संस्था सहसा दाराला कुलूप लावत नाही. ती खाटा कमी करते, घरी जाऊन सेवा देण्यावर भर देते, मग घरभेटींचं अंतर कमी करते, मग काही भेटी फोनवर आणते. यातलं प्रत्येक पाऊल एकेकटं बघितलं तर शहाणपणाचंच वाटतं.

एक काल्पनिक हिशेब करू. समजा उमरग्यात घरी जाऊन सेवा देणारं एक पथक आहे. एक नर्स, एक समाजसेवक, एक गाडी. दिवसाचे सहा तास हातात. एका घरी पाऊण तास लागतो. गावातल्या गावात एका घराहून दुसऱ्या घरी जायला पंधरा मिनिटं, म्हणजे एका भेटीला एक तास. दिवसाला 6 घरं. लांबची खेडी आणि तांडे घेतले तर प्रवासालाच सव्वा तास, म्हणजे एका भेटीला दोन तास. दिवसाला 3 घरं.

आठवड्यात तीन दिवस जवळ आणि दोन दिवस लांब, असं वेळापत्रक असेल तर भेटी होतात 18 अधिक 6, म्हणजे 24.

आता पैसे कमी पडले. गाडी आठवड्यात पाचाऐवजी चारच दिवस काढायची ठरली आणि चारही दिवस जवळच जायचं. भेटी किती? चार गुणिले सहा, 24. वार्षिक अहवालात भेटींचा आकडा जिथल्या तिथे. उलट दर भेटीचा खर्च कमी झाला, देणगीदार खूश. आणि लांबच्या गावांत जाणं पूर्ण बंद झालं.

कोणी खोटं लिहिलं नाही. फक्त जे मोजलं गेलं त्यात नुकसान दिसत नव्हतं. म्हणून भेटींची किंवा रुग्णांची एकूण संख्या हे एकमेव मोजमाप घेऊन या विषयाला भिडू नका.

मग मोजायचं काय?

1. रुग्णाचं गाव केंद्रापासून किती अंतरावर आहे आणि ते अंतर वर्षागणिक कमी होतंय का.
2. नाव नोंदवल्यापासून पहिल्या भेटीपर्यंत किती दिवस गेले. पहिली भेट होण्याआधीच किती जण वारले.
3. मॉर्फिन किती दिवस उपलब्ध नव्हतं. 2014 च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं आणि तोंडावाटे घ्यायचं मॉर्फिन महागही नाही. पण ते लिहून देणारा प्रशिक्षित डॉक्टर लागतो. डॉक्टर सोडून गेला की गोळी कपाटात असून नसल्यासारखी.
4. घरच्यांचे किती दिवस बुडाले.

हा चौथा मुद्दा सगळ्यात जास्त निसटतो. घरी सेवा स्वस्त पडते असं आपण म्हणतो, तेव्हा ती संस्थेला स्वस्त पडते. रात्री कूस बदलून देणारी, जखम धुणारी सून किंवा मुलगी हिशेबात नसते. आपल्या भागात त्यात भर म्हणजे मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला कामाला, घरी दोन म्हातारी माणसं. "घरी सेवा" म्हणताना घरी कोण आहे, हा प्रश्न आधी विचारा.

माहिती मिळेल का?

आपला जिल्हा कर्करोगाच्या संशोधनात नवखा नाही. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 पासूनची, देशातली अशी पहिली, आणि तिच्यात परंडा आणि भूम हे आपले तालुके आहेत. 1999 मध्ये याच जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास सुरू झाला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका त्यात होत्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यानं कमी झाले, असा निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर वाचला गेला.

पण बघा, या नोंदींत आजार किती, कोणत्या टप्प्यात, मृत्यू किती हे मिळतं. मृत्यूआधीचे तीन महिने कसे गेले, हे मिळत नाही. त्या कामांचा तो उद्देशच नव्हता, त्यामुळे हा दोष नव्हे. पण ज्याची नोंद नाही त्याची मागणी करता येत नाही आणि मागणी नसली की आराखड्यात पैसा येत नाही. तुमच्या प्रबंधाची जागा नेमकी इथे आहे.

एक साधी सूचना: जुनी कागदपत्रं शोधताना "उस्मानाबाद" आणि "धाराशिव" दोन्ही नावांनी शोधा, तालुक्यासाठी "उमरगा" आणि "ओमेरगा" दोन्ही. नाहीतर अर्धी माहिती हातातून जाईल.

परवानगीबद्दल थोडं

आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत मरणासन्न रुग्ण असुरक्षित गटात धरले आहेत. नीतिमत्ता समितीची मंजुरी लागणारच, पण अडचण तिच्या पुढची आहे. आपल्याकडे अनेक घरांत रुग्णाला कर्करोग झालाय हे सांगितलेलंच नसतं. "पोटात गाठ आहे, औषध चालू आहे" एवढंच. तुम्ही संमतीपत्र घेऊन गेलात आणि वरच ठळक अक्षरात "कर्करोगाच्या अंतिम टप्प्यातील रुग्ण" असं छापलेलं असलं, तर ती बातमी तुम्ही दिली असं होईल. म्हणून आधी घरच्यांशी बोला. रुग्णाला काय माहीत आहे आणि किती जाणून घ्यायचंय, ते समजून घ्या. संमतीपत्राची भाषा त्याप्रमाणे समितीकडून आधीच मंजूर करून ठेवा. मुलाखत मधेच थांबवायची मुभा फक्त कागदावर ठेवू नका, तोंडानं सांगा, आणि "आज नको" म्हणाले तर दुसऱ्या दिवशी परत दार वाजवू नका.

या विषयावर प्रस्ताव लिहायचा असेल तर आधी एक छोटं काम करा. जवळच्या कोणत्याही एका सेवेचे तीन वर्षांचे अहवाल घ्या आणि त्यांत रुग्णांची गावं दिलीत का ते बघा. दिली असतील तर नकाशावर मांडा. दिली नसतील तर नोंदवही बघायची परवानगी मागा. एकूण आकडा तोच राहून वर्तुळ लहान होताना दिसलं, तर तुमचा संशोधन प्रश्न तयार आहे. आणि त्या वर्तुळाच्या बाहेर राहिलेल्या गावांत आधी जा.